४५,९०० चं एस्टिमेट, त्यात ऑइल बदल किती? कोल्हापुरातल्या एका ३२०डीचा हिशोब

गाडी बीएमडब्ल्यू ३२०डी, २०२० सालची, बीएस६, दोन लीटर डिझेल, बीएमडब्ल्यूचं बी४७ नावाचं इंजिन. मीटरवर ५२,४०० किलोमीटर. मालक दुसरा. राहायला ताराबाई पार्क, कारखाना शिरोली एमआयडीसीत. सकाळी तावडे हॉटेलवरून सात-आठ किलोमीटर जायचं, संध्याकाळी तेवढंच परत. मध्ये एखादी राजारामपुरीची फेरी. वर्षाला गाडी जेमतेम सहा हजार किलोमीटर चालते. वॉरंटी संपलेली, सर्व्हिस पॅकेजही संपलेलं.

डॅशबोर्डवर ऑइल सर्व्हिसची खूण आली. गाडी मुळात पुण्यातली आणि आधीची सगळी सर्व्हिस तिथलीच, म्हणून मालकांनी तिथल्या अधिकृत वर्कशॉपकडून एस्टिमेट मागवलं. आलं ४५,९०० रुपयांचं. त्याच दिवशी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींनी सांगितलं, "मालक, डिझेलचीच गाडी हाय न्हवं, चांगलं पंधरा-डब्ल्यू-चाळीस घालतो, फिल्टर टाकतो, ४,७०० द्या."

एकाच कामाचे दोन भाव, दहापट अंतराचे. मालकांचा प्रश्न साधा होता: यातला खरा कोणता? उत्तर असं की दोन्ही आकडे ऑइल बदलाचे नाहीतच. पहिल्यात ऑइल बदलाशिवाय आणखी बरंच काही घातलं आहे, दुसऱ्यात ऑइलच दुसरं आहे.

(कोल्हापुरात नेहमी दिसणाऱ्या अशा गाड्यांवरून हे प्रकरण बांधलं आहे. रुपये गोल केले आहेत, हिशोबाची रीत आहे तशीच ठेवली आहे.)

एस्टिमेट उलगडल्यावर

करासह ओळी अशा होत्या:

इंजिन ऑइल, ६ लीटर: ८,१००
ऑइल फिल्टर किट: २,१००
ऑइल सर्व्हिसची मजुरी: ४,२००
एअर फिल्टर: ३,९००
केबिन फिल्टर: ४,६००
डिझेल फिल्टर: ५,७००
तिन्ही फिल्टरची मजुरी: ४,४००
ब्रेक फ्लुइड बदल: ४,८००
इंजिन फ्लश आणि डिझेल अ‍ॅडिटिव्ह: ३,६००
एसी डिसइन्फेक्शन: २,४००
कन्झ्युमेबल, धुलाई, तपासणी: २,१००

पहिल्या तीन ओळींची बेरीज १४,४००. ऑइल बदल म्हणजे एवढंच. बाकीचे ३१,५०० दुसऱ्या कामांचे. ती सगळी कामं खोटी नसतात, पण प्रत्येक ओळीला "हे शेवटचं कधी झालं?" असं विचारल्याशिवाय सही करायची नाही.

इथे जुन्या बिलांची फाइल कामाला आली. डिझेल फिल्टर १४ महिन्यांपूर्वी, ४५,००० किलोमीटरला बदललेला. म्हणजे ५,७०० आणि त्याच्या मजुरीचे १,८०० या वेळी लागत नाहीत. ब्रेक फ्लुइडची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढून घेतं, त्याने त्याचा उकळबिंदू उतरतो, म्हणून ते गाडी किती चालली यावर नाही तर दोन वर्षांनी बदलतात. आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरणाऱ्या गाडीत तर यावर तडजोड नको. ही ओळ योग्य. एअर फिल्टरही योग्य, त्याबद्दल पुढे येईलच. केबिन फिल्टर काळा झालेला होता, म्हणजे लागणारच.

इंजिन फ्लश मात्र सरळ खोडायचा. फ्लश म्हणजे पातळ द्रावण. ते जुन्या तेलात घालून इंजिन दहा मिनिटं चालवतात आणि मग तेल सोडतात. इंजिनातलं सगळं तेल कधीच बाहेर येत नाही. ऑइल कूलरमध्ये, नळ्यांमध्ये, हेडच्या खोलगट भागात थोडं राहतंच. त्या राहिलेल्या तेलात फ्लशही असतो आणि तो नव्या महागड्या तेलात मिसळतो. वेळेवर तेल बदललेल्या इंजिनाला फ्लश लागत नाही. वेळेवर न बदललेल्या इंजिनात तो साचलेला गाळ एकदम सुटा करून ऑइल पंपाच्या जाळीवर आणून बसवू शकतो. दोन्हीकडून तोटाच.

एसी डिसइन्फेक्शन वास येत नसेल तर नको. 'कन्झ्युमेबल' या शब्दाखाली नेमकं काय वापरलं ते विचारावं. बहुतेक वेळा तिथे चिंधी, क्लीनर आणि गोल आकडा असतो.

कराची एक बाब. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के आहे. ऑइल आणि मजुरी आधीही १८ टक्क्यांतच होती. जुन्या बिलावरून भाव काढलेला असेल तर कोणत्या ओळीला किती टक्के कर लावला आहे ते विचारावं.

खोडाखोड झाल्यावर पुण्याचं लागणारं काम उरलं ३०,३०० चं, त्यात कन्झ्युमेबलची ओळ न धरता. त्यावर जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर. लीटरला १७ चं अ‍ॅव्हरेज आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर अडीच हजारांचं डिझेल, टोल वेगळा, आणि कारखान्यातला एक दिवस मोडला तो वेगळाच.

४,७०० मध्ये काय नव्हतं

मिस्त्रींचा हिशोब त्यांच्या जागी सरळ होता: ट्रक-ट्रॅक्टरला चालणारं १५डब्ल्यू-४० घट्टपणाचं तेल, साधारण ४२० रुपये लीटर, सहा लीटर; बाजारातला फिल्टर; दीड हजार मजुरी. हात चांगला, नियत चांगली. अडचण फक्त तेलाची जात आणि फिल्टर.

अशा वेळी लोक "घट्ट तेल थंडीत चढत नाही" हे कारण सांगतात. ते युरोपात ठीक. कोल्हापूरच्या थंडीत १५डब्ल्यू तेल गोठून इंजिनाचं नुकसान होणार नाही. खरी कारणं दोन, आणि ती नीट कळली तर मिस्त्रींनाही पटतात.

पहिलं कारण राख. या गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ आहे, म्हणजे डिझेलची काजळी अडवणारी जाळी. काजळी कार्बनची असते, ती साधारण ६०० अंशांना जळून जाते. यालाच रीजनरेशन म्हणतात. पण इंजिन थोडंफार तेल खातंच, आणि तेलातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकच्या अ‍ॅडिटिव्हची जी राख होते ती कितीही तापवली तरी जळत नाही. ती जाळीत कायमची बसते. म्हणून डीपीएफच्या गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. एसीइए सी३ या युरोपातल्या तेलाच्या दर्जात सल्फेटेड अ‍ॅश, म्हणजे हीच राख, ०.८ टक्क्यापर्यंतच चालते. ट्रकच्या सीआय-४ प्लस दर्जाच्या १५डब्ल्यू-४० मध्ये ती साधारण १.३ ते १.५ टक्के असते.

आता आकडा मांडून बघू. इंजिन दहा हजार किलोमीटरला एक लीटर तेल खातं असं धरलं, तर वर्षाच्या सहा हजारात ६०० मिली, म्हणजे सुमारे ५१० ग्रॅम तेल जळतं. ०.८ टक्क्याने चार ग्रॅम राख, १.५ टक्क्याने साडेसात ग्रॅम. म्हणजे एकदा चुकीचं तेल पडलं म्हणून दुसऱ्या महिन्यात डीपीएफ जाम होत नाही, तसं घाबरवणाऱ्यांचं ऐकू नये. पण दर वर्षी तेच घातलं तर जाळी जवळपास दुप्पट वेगाने भरते. ती भरल्यावर साफसफाई हजारांत निपटत नाही, आणि बदलायची वेळ आली तर लाखाच्या पुढची गोष्ट. दर वर्षी वाचणारे चार हजार तिथे एका फटक्यात जातात.

दुसरं कारण टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी. बी४७ मध्ये चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन, तिचे गाइड आणि टेन्शनर सगळे तेलावर जगतात. टेन्शनर तर तेलाच्या दाबावरच चेन ताणून धरतो. तेल बिघडलं, पातळ झालं, गाळाने वाटा अडल्या की चेन सैल पडू लागते. आणि ती बदलायची म्हणजे मागच्या बाजूपर्यंत पोचण्यासाठी मोठी उघडझाप.

डब्यावर काय वाचायचं

या गाडीला 'बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४' मंजुरीचं ५डब्ल्यू-३० चालतं. डब्यावर '५डब्ल्यू-३०' आणि 'फुली सिंथेटिक' लिहिलेलं आहे एवढ्यावर घेऊ नये. ५डब्ल्यू-३० हा फक्त घट्टपणा झाला, जात नव्हे. पेट्रोल गाडीचं, जास्त राखेचंही ५डब्ल्यू-३० मिळतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मंजुऱ्यांची यादी असते, ती वाचायची. 'अप्रूव्हल' या शब्दाखाली लाँगलाइफ-०४ असेल तर ते तेल बीएमडब्ल्यूने तपासून मंजूर केलेलं. 'सुटेबल फॉर' किंवा 'रेकमेंडेड फॉर' असेल तर तो तेलवाल्याचा स्वतःचा दावा. फरक दोन शब्दांचा, पण डब्याच्या किमतीचा अर्थ तिथेच कळतो.

हीच रीत दुसऱ्या गाड्यांना. मर्सिडीजच्या डीपीएफवाल्या डिझेलला एमबी २२९.५१ किंवा २२९.५२, ऑडीला आणि त्याच घराण्यातल्या स्कोडा-फोक्सवॅगनला व्हीडब्ल्यू ५०४.००/५०७.००, काही नव्या इंजिनांना ५०८.००/५०९.००. हे शेवटचं ०डब्ल्यू-२० असतं, रंगाने हिरवट, आणि ज्या इंजिनाच्या पुस्तकात त्याचं नाव नाही त्यात ते घालायचं नाही. कोड गाडीच्या पुस्तकातून घ्यायचा, दुकानदाराच्या तोंडून नाही.

नकली तेलाचा धोका खरा आहे. घ्यायचं ते कंपनीच्या नेमलेल्या वितरकाकडून, पक्क्या बिलावर. सील, बॅच नंबर, झाकणावरची आणि डब्यावरची तारीख जुळते का बघायचं. आणि एक गोष्ट सगळ्यांनी करावी: रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडूनच टाकावं. चांगल्या ब्रँडचा अखंड रिकामा डबा पुन्हा भरायला जातो.

मापाचं म्हणाल तर या इंजिनात फिल्टरसह पाच लीटरच्या वर थोडं लागतं. नेमका आकडा चासिस नंबरनुसार बघायचा. या गाडीच्या मागच्या बिलात ५.२ लीटर भरल्याची नोंद होती. म्हणजे पाचचा एक आणि एकचा एक डबा. उरलेलं पाऊण लीटर टॉपअपसाठी घट्ट बंद करून ठेवायचं. एस्टिमेटमधले पूर्ण ६ लीटर इंजिनात जात नाहीत. उरलेलं तेल डब्यासह परत मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, मागायला लाजू नये.

प्रत्यक्ष काम, आणि त्यात सापडलेली गोष्ट

ठरलं असं की तेल, फिल्टर मालकांनी स्वतः आणायचे आणि काम कोल्हापुरातच करायचं, पण अशा गाडीचा स्कॅनर आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असलेल्या गॅरेजमध्ये.

या गाडीत ऑइलची काडी नाही. पातळी स्क्रीनवरच्या मेन्यूतून बघायची. त्यासाठी गाडी सपाट जागेवर, इंजिन नीट तापलेलं आणि आयडलवर लागतं. तेल सोडण्याआधी ही मोजणी मुद्दाम केली. पातळी वरच्या खुणेच्याही वर. १३ महिने आणि ६,४०० किलोमीटर चाललेल्या गाडीत तेल थोडं कमी व्हायला हवं. इथे ते वाढलेलं.

मग तेल सोडलं. क्रम असा. इंजिन गरम असताना आधी वरून फिल्टरचं झाकण सैल करायचं, म्हणजे फिल्टरच्या घरातलं तेल खाली चेंबरमध्ये, इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं आणि हवा आत जाऊन धार मोकळी पडते. मग गाडी लिफ्टवर, खालचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं, ड्रेन बोल्ट उघडायचा. घाई न करता वीस मिनिटं थेंब थांबेपर्यंत. तेल गरम असतं, हातमोजे हवेतच. सोडलेलं तेल खुणांच्या मापात घेतलं. भरलं साडेपाच लीटर. मागच्या वेळी घातलेलं ५.२. शिवाय थोडं इंजिनात राहिलेलं आणि थोडं जळून गेलेलं.

जादा भरलेलं ते तेल नव्हतं, डिझेल होतं. वाढ त्याचीच.

हे का होतं ते शिरोलीच्या रोजच्या फेरीत आहे. डीपीएफ तापवायला इंजिन उशिराने जादा डिझेल मारतं, जेणेकरून ते पुढे सायलेन्सरच्या वाटेत जळावं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला लागून रिंगांच्या बाजूने खाली तेलात उतरतं. पेट्रोल असतं तर तापलेल्या तेलातून बरंचसं उडून गेलं असतं, डिझेल सहज उडत नाही. रीजनरेशन एकदा सुरू झालं की त्याला सलग वेळ हवा. आठ किलोमीटरला गाडी बंद झाली की काम अर्धवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात, पुन्हा जादा डिझेल. असं वर्षभर.

त्या गॅरेजच्या मिस्त्रींनी तिथेच एक जुनी तपासणी केली. पांढऱ्या फिल्टर पेपरवर काडीने जुन्या तेलाचा एक थेंब सोडला आणि तो पेपर दोन वाट्यांच्या काठांवर आडवा ठेवून दिला. तासाभराने मधे काळा डाग, त्याभोवती राखाडी कडं, आणि सगळ्यात बाहेर एक फिकट, पारदर्शक तेलकट कडं उमटलं. ते बाहेरचं कडं डिझेलचं. यातून टक्के कळत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच हवी. पण डिझेल आहे की नाही एवढं कळायला पेपर पुरतो. बोटांत घेऊन बघितलं तरी नव्या तेलासारखा बुळबुळीतपणा नव्हता.

मापावरून मिसळण पाच टक्क्यांच्या वर आहे हे सरळ दिसत होतं. ३० ग्रेडचं तेल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (घट्टपणाचं माप) मधे असावं लागतं. इतकं डिझेल मिसळल्यावर ते त्या पट्ट्याच्या खाली घसरायला लागतं. टर्बोच्या बेअरिंगला आणि मघाशी सांगितलेल्या चेनला हेच पातळ तेल मिळत होतं, तेही 'अजून दोन हजार किलोमीटर चालवू' म्हणत ढकलायचा विचार चालू असताना. तेल काळं पडलं म्हणून खराब हा समज मात्र सोडून द्यावा. डिझेल इंजिनात नवं तेल काही दिवसांतच काळं होतं, ते त्याचं कामच आहे.

जुना फिल्टर कापून त्याची घडी पांढऱ्या कागदावर उलगडली. चकाकणारे कण नव्हते. चेन आणि बेअरिंग अजून शाबूत असल्याची ही चांगली खूण.

एअर फिल्टरच्या घडीत मात्र राखाडी बारीक धूळ. शिरोलीच्या फाउंड्र्यांची वाळू म्हणजे सिलिका, लोखंडालाही घासणारी. एअर फिल्टरच्या कडेचं रबर नीट बसलं नसेल तर ही धूळ थेट सिलिंडरमध्ये आणि तिथून तेलात जाते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतीत रोज उभ्या राहणाऱ्या गाडीला पुस्तकातला एअर फिल्टरचा कालावधी धरून चालत नाही. दर ऑइल बदलाला झाकण उघडून बघायचा, आणि बदलताना घराच्या आतली धूळ ओल्या फडक्याने पुसायची. हवा मारायची नाही, ती धूळ पुढच्या पाइपात ढकलते.

बसवताना जिथे हात चुकतो

फिल्टर किटमध्ये तीन गोष्टी येतात: कागदी फिल्टर, झाकणाच्या ओ-रिंगा (रबरी कडी) आणि ड्रेन बोल्टचं वॉशर. तिन्ही बदलायच्या. जुनी ओ-रिंग खोबणीत चिकटून राहते, दिसत नाही. वरून नवी बसली की झाकण नीट बसत नाही आणि दाबाने तेल पाझरतं. खालच्या प्लास्टिकच्या कव्हरमुळे ते जमिनीवर पडत नाही, म्हणून मालकाला कळतही नाही. जुनी ओ-रिंग काढायला स्क्रू-ड्रायव्हर नको, खोबणीला ओरखडा पडतो. प्लास्टिकचा किंवा लाकडी टोकाचा आकडा वापरायचा. नवीला नव्या तेलाचं बोट फिरवायचं.

वॉशर दाबून चपटं होऊनच सील करतं, म्हणून ते एकदाच वापरायचं. ड्रेन बोल्ट २५ न्यूटन-मीटर, फिल्टरचं झाकणही २५. हे माप हाताला फार कमी वाटतं. ट्रक आणि जीपवर हात बसलेले मिस्त्री लांब पान्याने "जरा आणखी" आवळतात, आणि पुढच्या वेळी बोल्टबरोबर चेंबरच्या आट्याही बाहेर येतात. मग इन्सर्ट टाका नाहीतर चेंबर बदला. फिल्टरचं प्लास्टिकचं झाकणही असंच तडकतं. टॉर्क पाना नसेल त्या गॅरेजात हे काम करू नये, एवढं साधं आहे.

स्वस्त फिल्टरचं दुखणं वेगळं. कागद ढिला, टोकाची रिंग मऊ, उंची थोडी इकडेतिकडे. गरम तेलाच्या दाबाखाली तो दबतो आणि तेल गाळलं न जाताच बाजूने पुढे जातं. कंपनीच्या बॉक्समधला किंवा गाडी कंपन्यांना फिल्टर पुरवणाऱ्या नामांकित उत्पादकाचा, यापैकी एक घ्यावा. दुसऱ्या पर्यायात निम्म्याच्या आसपास पैसे वाचतात आणि काम तेच होतं.

आधी ४.८ लीटर भरलं. इंजिन सुरू करून, रेस न देता, ऑइलचा दिवा विझू दिला. मिनिटभर चालवून बंद केलं आणि खालून बोल्ट, वरून झाकण कोरडं आहे का पाहिलं. मग कावळा नाक्यापर्यंत एक फेरी मारून इंजिन तापवलं आणि स्क्रीनवर मोजणी केली. ती वरच्या खुणेपर्यंत यायला आणखी ३०० मिली घातलं. काडी नसलेल्या गाडीत सगळं तेल एकदम ओतू नये. जास्त झालं तर काढणं त्रासाचं, आणि जास्त तेल क्रँकशाफ्टने घुसळलं की फेस होतो.

शेवटी सर्व्हिस रीसेट, म्हणजे गाडीतली पुढच्या सर्व्हिसची गणती नव्याने सुरू करणं, आणि तोही फक्त ऑइलच्या नोंदीचा. घाईत ब्रेक फ्लुइडची किंवा इतर नोंदही रीसेट होते आणि गाडी दोन वर्षं गप्प बसते. इथे ब्रेक फ्लुइड खरंच बदललं, म्हणून त्याची नोंदही केली.

जळकं तेल वापरलेल्या डब्यात भरून, झाकून, गॅरेजच्या पिंपात गेलं. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचरा आहे. ते परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं असतं. गॅरेज नेमकं कोणाला देतं हे विचारावं. गटारात ओतलेलं तेल जयंती नाल्यातून पंचगंगेतच जातं, आणि पाणी आपणच पितो.

बिल

लाँगलाइफ-०४ ऑइल, ५ आणि १ लीटरचे डबे: ६,३००
ऑइल फिल्टर किट: १,२५०
मजुरी: १,५००

ऑइल बदल ९,०५०. त्यावर एअर फिल्टर १,९००, केबिन फिल्टर १,७००, ब्रेक फ्लुइड मजुरीसह २,२००, बाकी फिल्टरची मजुरी १,०००. एकूण १५,८५०.

तेवढ्याच कामाचे पुण्याला ३०,३०० आणि प्रवास. फरक सुमारे १७ हजारांचा, आणि तो तेलाच्या दर्जात एक थेंबही कमी न करता. थोड्या पैशांच्या फरकासाठी तेलात हात आखडता घेतला असता तर यातला अर्थच गेला असता. ऑइल बदलाला उद्यमनगरच्या मिस्त्रींच्या ४,७०० पेक्षा ४,३५० जास्त लागले. ते राखेसाठी आणि चेनसाठी दिलेले पैसे आहेत, आणि आमच्या मते सगळ्या हिशोबातले सगळ्यात रास्त पैसे तेच.

अधिकृत वर्कशॉपला नेहमी टाळावं असा याचा अर्थ नाही. गाडी वॉरंटीत असेल, सर्व्हिस पॅकेज चालू असेल तर तिथेच जायचं. पॅकेजचे पैसे आधीच दिलेले असतात. जुनी गाडी घेणाऱ्याने चासिस नंबर देऊन पॅकेज शिल्लक आहे का आणि कुठला रिकॉल बाकी आहे का हे विचारावं. फोनवर पाच मिनिटांचं काम आहे. बाहेर काम केलं तर तेलाच्या आणि फिल्टरच्या पक्क्या बिलांवर गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. गाडी विकताना ही फाइलच इतिहास असते.

पुढचं वेळापत्रक

डिझेल मिसळत असेल तर कितीही महाग तेल घातलं तरी ते पातळ होणारच, म्हणून सवय बदलणं खर्चाइतकंच महत्त्वाचं होतं. आठवड्यातून एकदा गाडी कागलच्या पुढे निपाणीकडे काढायची. इंजिन तापल्यावर २,००० आरपीएमच्या वर ठेवून सलग तीस-चाळीस मिनिटं. गरज पडली तर एक गिअर खालचा. रीजनरेशन चालू असताना आयडल थोडं वर राहतं, पंखा जोरात फिरतो, सायलेन्सरकडून गरम वास येतो. अशा वेळी घर आलं म्हणून लगेच इंजिन बंद करायचं नाही, आणखी दहा मिनिटं चालवायची.

ऑइल बदल पाच हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. स्क्रीनवर अजून बरेच किलोमीटर शिल्लक दिसले तरी. महिन्याच्या पहिल्या रविवारी पातळी बघायची. खाली गेली तर उरलेल्या डब्यातून टॉपअप. वर गेली तर किती चाललं हे न बघता तेल काढायचं.

बॉनेटखाली लावलेल्या चिठ्ठीवर गॅरेजच्या मिस्त्रींनी तारीख, ५२,४०० किलोमीटर, तेलाचा कोड, 'सोडलं ५.५, घातलं ५.१' असं लिहिलं. तीन महिन्यांनी खाली दुसरी ओळ चढली: पातळी वरच्या खुणेवर, वाढ नाही. निपाणीच्या तेरा फेऱ्यांपैकी अकरा झाल्या होत्या.